‘माझ्याकडे या’ आणि ‘त्याच्याकडे या’ : बायबलची वचनं गाताना बोलणारा कोण, हे कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमध्ये ख्याल शिकणारी एक विद्यार्थिनी नाताळच्या कार्यक्रमासाठी चर्चच्या क्वायरमध्ये गाते आहे. संगीतकार हँडेलच्या ‘मसाया’मधलं (मसाया म्हणजे ख्रिस्त) सोप्रानोचं, म्हणजे स्त्रियांच्या उंच आवाजाचं, ‘कम अंटू हिम’, त्याच रचनेतली दोन समूहगीतं आणि मराठीतलं तेविसावं स्तोत्र तिच्या वाट्याला आलं आहे. तिनं मराठी बायबल उघडलं, तर मत्तयाच्या अकराव्या अध्यायात ‘माझ्याकडे या’ असं आहे आणि गाण्यात ‘त्याच्याकडे या’. ती विचारते, की ही छपाईची चूक आहे का? शब्द समजतात, पण गाण्याचा अर्थ हाती लागत नाही, तो कसा लावायचा? आणि मी ख्रिस्ती नाही, मग हे शब्द मी कोणत्या नात्यानं म्हणायचे?

छपाईची चूक नाही. तुम्ही नेमक्या जागी थांबलात याचा मला फार आनंद झाला, कारण वर्षानुवर्षं हे गाणाऱ्या कित्येकांच्या लक्षात हा फरक येत नाही. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या एका फरकाला धरूनच देता येतील.

मत्तय ११:२८ मध्ये येशू स्वतः बोलतो आहे : ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ पुढच्या दोन वचनांत ‘माझे जू’, ‘माझे ओझे’ येतं. ‘मसाया’साठी ही वचनं निवडून जुळवली चार्ल्स जेनेन्सनं. हँडेलनं १७४१ मध्ये २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या काळात त्यांना संगीत दिलं आणि १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये ती रचना पहिल्यांदा गायली गेली. जेनेन्सनं नवी कविता लिहिली नाही. सगळं बायबलमधूनच घेतलं. पण घेताना त्यानं एक बदल फार सातत्यानं केला. ‘मी’ होतं तिथं ‘तो’ केलं. तुमच्या गाण्यात ‘माझ्याकडे’चं ‘त्याच्याकडे’ झालं आणि त्याला जोडून येणाऱ्या समूहगीतात ‘माझे जू’चं ‘त्याचे जू’ झालं.

दुसऱ्या भागात हे आणखी ठळक दिसतं. यशया ५०:६ मध्ये वक्ता म्हणतो की मारणाऱ्यांपुढे मी आपली पाठ केली. आल्टोच्या, म्हणजे खालच्या पट्टीतल्या स्त्री-आवाजाच्या, ‘ही वॉज डिस्पाइज्ड’ या गाण्याच्या मधल्या भागात तेच वचन ‘त्यानं आपली पाठ दिली’ असं होतं. बाविसाव्या स्तोत्रात ‘मला पाहणारे माझी थट्टा करतात’ असं आहे, गाण्यात ‘त्याला पाहणारे’. एकोणसत्तराव्या स्तोत्रात ‘निंदेने माझे हृदय भंगले’ आहे, गाण्यात ‘त्याचे हृदय’. विलापगीताच्या पहिल्या अध्यायात उद्ध्वस्त यरुशलेम नगरी एका स्त्रीच्या तोंडानं येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारते, माझ्यासारखं दुःख कुठं पाहिलंत का? ‘मसाया’त ते ‘त्याच्या दुःखासारखं दुःख’ होतं. सोळाव्या स्तोत्रातलं ‘माझा जीव अधोलोकात राहू देणार नाहीस’ हेही असंच बदललं.

हे सगळे बदल एकत्र ठेवून पाहा. ज्या रचनेचं नावच ‘मसाया’, तिच्यात मसाया स्वतः बोलतच नाही. त्याच्याविषयी संदेष्टे बोलतात, देवदूत बोलतात, टिंगल करणारे बोलतात, ज्यांनी त्याला पाहिलं ते बोलतात. बाविसाव्या स्तोत्रातली थट्टेची सातवी-आठवी वचनं जेनेन्सनं घेतली; पण ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे पहिलंच वचन, जे येशूनं वधस्तंभावर उच्चारलं, ते मात्र घेतलं नाही. माझ्या मते हा योगायोग नाही. हे धर्मवचनांचं संगीत नाटकगृहात, नाटकांतही काम करणाऱ्या गायिकांकडून गायलं जाणार होतं, आणि लंडनमध्ये १७४३ मध्ये त्यावरून नाराजी उठलीही. देवाच्या पुत्राचे शब्द कुणा एका गायकाच्या तोंडी ‘मी’ म्हणून घालण्यातला संकोच या ‘त्याच्या’मागे असावा असं मला वाटतं. कारण काहीही असो, गाणाऱ्यावर त्याचा परिणाम मोठा आहे. तुमच्या गाण्यात तुम्ही येशू नाही. ‘तिकडे जा, तिथं विसावा मिळेल’ असं थकलेल्या माणसाला सांगणारी तुम्ही कुणीतरी आहात, जिला ती जागा माहीत आहे.

म्हणून माझी पद्धत अशी, की स्वर शिकण्याआधी प्रत्येक ओळीवर पेन्सिलीनं लिहायचं : हे कोण म्हणतंय आणि कोणाला. आपल्याकडे नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला हे पटकन पटेल. ‘सौभद्रा’तलं पद मैफलीत नुसतं रागासाठी गायलं तरी ते गोड लागतंच, पण नाटकात ते कोणत्या पात्रानं कोणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हटलंय हे माहीत असलेला गायक तीच जागा वेगळी घेतो. ‘मसाया’ हा ओरेटोरिओ, म्हणजे अभिनयाशिवाय गायची मोठी धार्मिक रचना. त्यात वेशभूषा नाही, प्रवेश नाहीत, आणि बोलणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा सांगितलं जात नाही. एकच टेनर (उंच पुरुषी आवाजाचा गायक) एका गाण्यात संदेष्टा असतो, दुसऱ्यात शोकाकुल साक्षीदार. ही पात्रं आपण शोधून काढावी लागतात. आणि ती संगीतात सापडत नाहीत, बायबलमध्ये तो अख्खा अध्याय वाचल्यावर सापडतात.

अख्खा अध्याय, हे मी मुद्दाम म्हणतोय. आमच्या क्वायरमध्ये नवीन मुलांना मी फक्त गाण्यातलं वचन वाचू देत नाही. ईयोबाचंच घ्या. ‘मला तर ठाऊक आहे की माझा उद्धारक जिवंत आहे’ ही ओळ हँडेलनं तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला ठेवली. गाणं संथ आणि इतकं शांत आहे, की बहुतेक सोप्रानो ते सुखी माणसाचं गाणं म्हणून गातात. ईयोबाचा एकोणिसावा अध्याय उघडून पाहा. भाऊ दुरावलेत, आप्त विसरलेत, नोकर हाक मारली तरी येत नाहीत, हाडं कातडीला चिकटलीत आणि सांत्वनाला आलेले मित्र त्यालाच दोष देत बसलेत. त्या सगळ्यानंतर ‘मला तर’ येतं. त्या ‘तर’मागे मागच्या चोवीस वचनांचं ओझं आहे. ते ओझं माहीत असलेली गायिका पहिला स्वर हसऱ्या चेहऱ्यानं लावत नाही. स्थिर लावते.

पण गाणं तिथं संपत नाही. त्याच गाण्यात पुढे प्रेषित पौलाचं वचन येतं, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातलं : ख्रिस्त मेलेल्यांतून उठवला गेला आहे. म्हणजे एका गाण्यात दोन बोलणारे झाले. ईयोब राखेत बसून पुढचं म्हणतो आणि पौल घडून गेलेलं म्हणतो. दोघांच्या मध्ये कित्येक शतकं आहेत. पौलाच्या ओळीत सूर पायरी पायरीनं वर चढत जातो. तिथं आवाजाचा रंग बदलायला हवा. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं की ईयोबच बोलतो आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीत हँडेलच्या स्मारकावर पुतळ्यासमोर याच गाण्याचं पान कोरलेलं आहे, इतकं ते त्याच्याशी जोडलं गेलंय.

आता दुसऱ्या पायरीवर येऊ : बोलणारा कळल्यावर संगीतकारानं त्याच्याविषयी काय म्हटलंय ते ऐकायचं. तुमच्याच गाण्यात पाहा. आधी आल्टो गाते, ‘तो मेंढपाळाप्रमाणे आपल्या कळपाला चारील’. ते यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन. मग तुम्ही तीच चाल वरच्या पट्टीत उचलता आणि मत्तयाचं वचन गाता. चाल एक, ग्रंथ दोन. यशयाचं वचन मुळात बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना धीर देण्यासाठी आहे, आणि तिथला मेंढपाळ म्हणजे परमेश्वर. हँडेल तीच चाल येशूच्या आमंत्रणाला देतो, म्हणजे शब्दांत कुठंही न म्हणता सांगतो की तो मेंढपाळ आणि हा बोलावणारा एकच आहे. हे विधान ना यशयाच्या पानावर आहे, ना मत्तयाच्या. ते दोन्ही पानं शेजारी ठेवणाऱ्या जेनेन्सचं आणि त्यांना एक सूर देणाऱ्या हँडेलचं आहे. म्हणून आल्टोचं गाणं कान देऊन ऐका आणि तुमचा पहिला स्वर तिच्या शेवटच्या भावातून उचला. तुम्ही नवीन गाणं सुरू करत नाही आहात. तिनं दिलेली बातमी तुम्ही पुढे नेता आहात.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यशया त्रेपन्नमधला दुःख सोसणारा सेवक कोण, यावर यहुदी वाचक आणि ख्रिस्ती वाचक यांचं उत्तर वेगळं आहे. यहुदी परंपरेत तो बहुतेक वेळा इस्राएल लोकांचं रूप मानला जातो, ख्रिस्ती परंपरेत येशू. ‘मसाया’ हे दुसऱ्या वाचनावर उभं आहे. मी स्वतः त्याच वाचनात वाढलो. तरी क्वायरमध्ये मी दोन्ही सांगतो, कारण मूळ वचनाचा काळ आणि वेदना माहीत असली की आपल्या वाचनालाही वजन येतं.

त्याच अध्यायातलं सहावं वचन तुमच्या समूहगीतांत आहे असं धरून चालतो, कारण बहुतेक क्वायर ते घेतातच. ‘आम्ही सर्व मेंढरांप्रमाणे बहकून गेलो होतो, आम्ही प्रत्येकाने आपापला मार्ग धरला होता.’ याचं संगीत आश्चर्य वाटावं इतकं खुशीचं आहे. आवाज एकमेकांपासून फुटून पळतात, इंग्रजीतल्या ‘टर्न्ड’ (वळलो) या शब्दावर गोल गोल फिरतात. ही चाल हँडेलनं त्याच वर्षी जुलैमध्ये लिहिलेल्या एका इटालियन प्रेमाच्या युगलगीतातून उचलली, म्हणून ती वचनाला शोभत नाही असं काही जाणकार म्हणतात. मला ते मान्य नाही. पुन्हा तोच प्रश्न विचारा : हे कोण म्हणतंय? ‘आम्ही’ म्हणतोय. आणि आम्ही बहकलो तेव्हा रडत बहकलो नव्हतो. मजेत गेलो होतो. हँडेलनं त्या मजेला जराही आवर घातला नाही. मग शेवटी अचानक लय संथ होते, उजळ मेजर स्वरावलीची उदास मायनर होते, सगळे आवाज एकत्र खाली उतरतात आणि वचनाचा उरलेला भाग येतो : ‘अशा आम्हा सर्वांचे पाप परमेश्वराने त्याच्यावर लादले.’ आधीची पानं आपण खऱ्या उत्साहानं गायली असतील तरच या ओळीला अर्थ येतो. काही क्वायरमास्तर सुरुवातीपासूनच गंभीर चेहऱ्यानं गाऊन घेतात. त्यानं कबुलीजबाबातलं पापच काढून टाकल्यासारखं होतं.

‘मी’ ठेवला तर काय होतं हे पाहायचं असेल तर जर्मन संगीतकार बाखचं ‘मत्तयकृत दुःखसहनाचं संगीत’ (सेंट मॅथ्यू पॅशन) ऐका. ते १७२७ च्या शुभ शुक्रवारी लाइपझिगमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं असं आता मानतात. तिथं येशू स्वतः बोलतो, आणि तो बोलताना तंतुवाद्यं त्याच्याभोवती लांब स्वर धरून राहतात. बाकी कुणाच्या बोलण्याला ते नाही. पण ‘एली, एली’ हा आक्रोश येतो तिथं ती वाद्यं थांबतात. जेनेन्सनं वगळलेलं तेच वचन. आणि शेवटच्या भोजनाच्या प्रसंगी येशू म्हणतो, तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल, तेव्हा शिष्य विचारतात, ‘प्रभुजी, मी आहे काय?’ बाखनं हा प्रश्न अकरा वेळा घातलाय, अकरा शिष्यांचा. बारावा यहूदा त्यात बोलत नाही. आणि त्या प्रश्नाला लागूनच मंडळीचं भजन येतं, ज्याची सुरुवातच ‘मीच आहे’ अशी. शिष्यांच्या प्रश्नाला ऐकायला बसलेली मंडळी उत्तर देते. एका क्षणात बोलणारा बदलला आणि सोळाशे-सतराशे वर्षांचं अंतर मिटलं. वचनांचा अर्थ संगीतातून लावणं याचा यापेक्षा मोठा नमुना मला माहीत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जो तुम्ही थोडा बिचकत विचारलाय. ख्रिस्ती नसताना हे गावं का? माझ्याकडून पूर्ण मनानं होकार आहे. ईयोब ख्रिस्ती नव्हता, यशयाही नव्हता. तुमच्या ख्यालाच्या परंपरेत मुसलमान उस्तादांनी कृष्णाच्या आणि शिवाच्या बंदिशी गायल्या, आणि त्या खोट्या वाटल्या नाहीत. माझी अपेक्षा एवढीच, की ज्याचे शब्द म्हणाल त्याला आधी नीट ओळखा. ‘कम अंटू हिम’मध्ये तर तुम्हाला ‘मी’ म्हणायचंच नाही. थकलेल्या माणसाकडे पाहून बोलायचं आहे, आणि ओझं वाहणारी माणसं तुम्ही पाहिली आहेत. प्रार्थनेच्या वेळी, उपासनेत गाताना, श्रद्धेचा प्रश्न वेगळा असतो आणि तो ज्याचा त्यानं देवापुढे सोडवायचा. कार्यक्रमात गाताना मात्र समज आणि आदर मी मागतो. तो तुमच्या प्रश्नातच दिसतोय.

राहिलं मराठी स्तोत्र. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमच्याकडे याकडेच सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. इंग्रजी म्हणायचं म्हणून महिनाभर मेहनत करतात आणि मराठी ‘येतंच’ म्हणून सोडून देतात.

इंदूरमध्ये १८७७ पासून कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम होतं, आणि प्रेस्बिटेरियन मंडळी म्हटली की छंदोबद्ध स्तोत्रं आलीच. स्कॉटलंडच्या १६५० च्या स्तोत्रसंहितेतलं तेविसावं स्तोत्र इंग्रजी गाणाऱ्या चर्चमध्ये आजही उभं राहून म्हणतात. मराठीची वाट वेगळी होती. अहमदनगरकडच्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकात कीर्तन, पद, अभंग हे सगळं ख्रिस्ती उपासनेत आणलं, आणि कवी नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) त्याला उंची दिली. माझे आजोबा नगरकडूनच इकडे आले, त्यामुळे आमच्या घरात दोन्ही वाटा होत्या. दोन्हींत एक अडचण सारखीच आहे. एकच चाल प्रत्येक कडव्याला येते, आणि शब्दांत मोठं वळण आलं तरी चाल वळत नाही.

तेविसाव्या स्तोत्रात असं एक वळण आहे. सुरुवात बघा. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ पुढे, तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. सगळं ‘तो’. दावीद कुणा तिसऱ्याला देवाविषयी सांगतो आहे. मग चौथं वचन येतं, मृत्युच्छायेची दरी येते, आणि तिथं तो म्हणतो, ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ ‘तो’चा ‘तू’ झाला. हिरव्या कुरणात देवाविषयी बोलणारा माणूस अंधारात देवाशी बोलायला लागला. इथून स्तोत्र संपत येईपर्यंत ‘तू’च चालतो : तुझी आकडी, तुझी काठी, तू माझ्यापुढे ताट वाढतोस. कोण, कोणाला, हा आपला प्रश्न या एका जागी लावला की अख्ख्या स्तोत्राचा आकार दिसतो. ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टनं १८२० मध्ये हेच स्तोत्र स्त्रियांच्या चार आवाजांसाठी बांधलं. त्यात प्रत्येक वचनाला वेगळं संगीत आहे, त्यामुळे दरी आली की वाद्याचा आणि आवाजाचा रंगही बदलतो. कडव्याकडव्यानं एकच चाल गाणाऱ्या आपल्याला ते काम गळ्यानं करावं लागतं.

यासाठी काही अगदी व्यवहारातल्या सूचना करतो. इब्री स्तोत्रांचं वचन बहुधा दोन अर्धांचं असतं. दुसरा अर्ध पहिल्याला पुढे नेतो किंवा पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं म्हणतो. लॅटिन स्तोत्रगायनात म्हणूनच वचनाच्या मध्ये थांबा असतो. मराठी बायबलात तिथं बहुतेक विरामचिन्ह छापलेलं सापडेल. श्वास तिथं घ्या. ‘परमेश्वर माझा’ म्हणून श्वास तोडू नका. ‘मला काही उणे’ म्हणून तर अजिबात नको. शेवटचं ‘नाही’ श्वास संपल्यामुळे पडलं तर वचनाचा अर्थच उलटा होतो. पहिली तीन वचनं समोर बसलेल्यांना सांगितल्यासारखी गा, नजर श्रोत्यांवर ठेवून. चौथ्या वचनाआधी पेटीवाल्याला दोन मात्रा जास्त थांबायला सांगा, आणि तिथून नजर श्रोत्यांवरून काढा.

आणि तुमची ती मराठी चाल केहरव्यात आहे असं तुम्ही लिहिलंय. अशा चालींत चौथ्या वचनातल्या ‘कारण तू’ या ओळीची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सहसा ‘कारण’वर येते, कारण ओळ तिथं सुरू होते. ती ओळ अर्धी मात्रा आधी उचलून बघा, म्हणजे ‘कारण’ समेच्या अलीकडे जाईल आणि सम ‘तू’वर पडेल. तबलजीला आधी सांगून ठेवा, आणि बाकीच्या क्वायरला ती उचल दोनतीनदा हातावर ताल धरून म्हणायला लावा, म्हणजे सगळे एकदम पडतील.